थंड आवाज

घोटणीच्या रानात आधी काजळकंठी गातो आणि मग उजाडतं, असं डॉ. शाल्मली तेंडोलकर आपल्या भाषणांत नेहमी सांगायची. टाळ्या हमखास पडायच्या. त्या दिवशीही तंबूच्या कापडावर अजून काळोखच होता आणि कारवीच्या दाटीतून ती शीळ उठली. तीन चढते सूर, जरासा विराम, आणि मग खाली घरंगळत आलेला एक लांब सूर. डावीकडच्या उतारावरून दुसऱ्यानं उत्तर दिलं, ओढ्यापलीकडून तिसऱ्यानं, आणि बघता बघता सगळं रान बोलायला लागलं. शाल्मली पांघरुणात डोळे मिटून ऐकत राहिली. आज ती मनातून फार खूश होती आणि त्याला कारणही तसंच होतं. तंबूच्या कोपऱ्यात, सुती पडदा टाकलेल्या पिंजऱ्यात, नवरी होती.

नवरी म्हणजे काजळकंठीची मादी. मुठीएवढा, पाचोळ्याच्या रंगाचा हा पक्षी जमिनीवर चरणारा. नराच्या गळ्यावर काजळाचं बोट फिरवल्यासारखा काळा पट्टा, मादीला तोही नाही. जगात हा पक्षी फक्त याच डोंगरावर सापडायचा आणि एके काळी इतका कमी झाला होता, की शाल्मलीनं काही अंडी उचलून संगोपन केंद्रात उबवली होती. पुढे ध्वनिगणनेत रानातली संख्या वाढत गेली, केंद्राची गरज उरली नाही, आणि ते बंद करण्याची शिफारसही शाल्मलीनंच केली. केंद्रातला शेवटचा पक्षी म्हणजे ही मादी. उद्या सकाळी तिला रानात सोडायचं होतं. एवढं रान नवऱ्यामुलांनी भरलेलं, तेव्हा हिचं लग्न जमायला कितीसा वेळ, असं म्हणून केंद्रातल्या मंडळींनी तिचं नाव नवरी ठेवलं होतं.

बाहेर हेरंब पाध्ये चहा टाकत होता. हेरंब ध्वनितंत्रज्ञ. रानात बसवलेली सगळी यंत्रं त्याच्या हातची. बोलायला मऊ, कामाला चोख, आणि शाल्मलीच्या शब्दाबाहेर न जाणारा. मुक्कामातला तिसरा माणूस मात्र कोणाच्याच शब्दात न राहणारा होता. फिरोज मुजावर, कोल्हापूरचा वन्यजीव छायाचित्रकार. तो काळोखातच उठून पानांआड बांधलेल्या आपल्या लपणात जाऊन बसला होता.

या रानात छायाचित्रकाराला पाऊल टाकू देणं ही शाल्मलीच्या दृष्टीनं मोठीच मेहरबानी होती. फार वर्षांपूर्वी इथं एक घरटं सापडलं आणि ती बातमी फुटली. कॅमेरेवाल्यांची झुंबड उडाली. नीट दिसावं म्हणून कोणी कारवीच्या फांद्या दोरीनं बांधून बाजूला केल्या, कोणी झगझगीत दिवे मारले, आणि आई-बाप घरटं टाकून गेले. पिल्लं तिथंच मेली. शाल्मलीनं ती आपल्या हातानं उचलली होती. तेव्हापासून तिनं नियमच करून घेतला. कॅमेरा नाही, लपण नाही, जवळ जाणं नाही. ‘ऐका, बघू नका’ हे वाक्य रानाच्या फाटकावर रंगवलेलं होतं आणि देशभरातले पक्षीनिरीक्षक ते अभिमानानं सांगायचे. तेव्हापासून रानात काजळकंठी कोणी पाहिला नव्हता. न पाहणं हाच इथला शिष्टाचार होता.

आता काजळकंठी धोक्याबाहेर असल्याची घोषणा व्हायची होती आणि घोषणेला चित्र हवं होतं, म्हणून फिरोजला परवानगी मिळाली होती. गेले दोन दिवस तो लपणात बसत होता. त्या सकाळी तो परत आला तो तणतणतच.

“मॅडम, एक विचारू? राग मानू नका. तुमचा पक्षी आहे न्हवं?”

“फिरोज, कान दिलेत देवानं. ऐकू येत नाही का?”

“ऐकून ऐकून कान किटले माझे. नुसता आवाज येतोय, पक्षी काय येत नाही.” त्यानं चहाचा कप घेतला. “दोन दिवसांत त्या लांब शेपटीच्या भृंगराजाचे फोटो काढले, शंभर काढले. छान पोज देतोय गडी. पण काजळकंठीचं पीससुद्धा नाही.”

“लाजाळू पक्षी आहे तो. तुमच्या जातभाईंनी केलाय तसा.”

“झालं. आलं का ते माझ्यावर?” फिरोज हसला, पण लगेच गंभीर झाला. त्यानं गळ्यातला उष्मादर्शी काढून तिच्यापुढे धरला. गरम रक्ताचा कुठलाही जीव त्यात ठळक ठिपक्यासारखा दिसायचा. “ह्याच्यातून बघत होतो. खार दिसली. झोपलेला ससा दिसला. पायाशी पाचोळ्यात एक उंदीर दोन दिवस हिंडतोय, तो पण दिसला. आणि शीळ माझ्या समोरून, ह्या इथून आल्यासारखी येतेय, पण तिथं गरम काय नाही. आवाज थंड आहे, मॅडम.”

“म्हणजे तू नेमका प्रतिसादकासमोर लपण बांधलंस,” शाल्मली म्हणाली. “पेटी दिसली नाही का कारवीत टांगलेली?”

“दिसली की. मला पण तसंच वाटलं. म्हणून काल संध्याकाळी, त्याला ओढ्यापलीकडून जो उत्तर देतोय, त्याच्याकडे जाऊन बसलो.” फिरोजनं कप खाली ठेवला. “तो पण थंड.”

शाल्मलीनं ओढ्याकडे पाहिलं.

“मला कळेल असं सांगा बघू,” फिरोज हेरंबकडे वळला. “न बघता तुम्ही मोजता कसं?”

हेरंबला आपल्या यंत्रांबद्दल कोणी विचारलं की बरं वाटायचं. “सोपं आहे. काजळकंठी नर आपली हद्द राखतो. परका नर गायला की याला गप्प बसवत नाही, उत्तर देतोच. म्हणून रानभर पेट्या टांगल्या. त्यांना आम्ही प्रतिसादक म्हणतो. पेटी नराची शीळ वाजवते, खरा नर चिडून उत्तर देतो, पेटी ते उत्तर टिपते. प्रत्येक नराचा आवाज वेगळा, आपल्या अक्षरासारखा. त्याचा स्वरठसा निघतो. जितके वेगळे स्वरठसे, तितके नर.”

“आणि त्याच त्याच शिळेला पक्षी कंटाळत नाही?”

“कंटाळायचे! सुरुवातीला तीच तर अडचण होती. मग मी पेट्यांना शिकवलं. पेटी ऐकलेल्या उत्तरांतून स्वतःच नवा आवाज तयार करते. रोज वेगळा. म्हणजे रानातल्या नराला दरवेळी वाटतं, कोणीतरी नवाच आला. तेव्हापासून उत्तरं कशी धडाधड यायला लागली.”

“पण मग पेटी स्वतःचाच आवाज मोजत नाही कशावरून?”

“छे. स्वतःचा आवाज ती ओळखते. तो वगळते.”

शाल्मलीच्या हातातला कप कलला आणि चहा तिच्या पायावर सांडला. तिला चटका जाणवलाही नाही.

“हेरंब,” ती म्हणाली, “स्वतःचा ओळखते. शेजारच्या पेटीचा?”

हेरंब उत्तर द्यायला तोंड उघडून तसाच थांबला. पूर्वी सगळ्या पेट्या एकाच संग्रहातल्या शिळा वाजवायच्या, त्यामुळे त्या एकमेकींना ओळखायच्या. नवे आवाज मात्र प्रत्येक पेटीच्या पोटात, तिथल्या तिथे तयार होत होते. शेजारच्या पेटीला ते ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. तिला तो एक नवा नर वाटणार. ती त्याला उत्तर देणार, त्याचा स्वरठसा काढणार, त्याच्यापासून शिकणार आणि स्वतःचा आणखी एक नवा आवाज काढणार. तो ऐकून पहिली पेटी आणखी एक नवा नर मोजणार. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटत गेलं आणि चेहरा पांढराफटक पडला.

“नाही हो मॅडम,” तो पुटपुटला. “सगळेच तसे नसतील. थोडीफार चूक असेल.”

“बंद कर.”

“कुठली पेटी?”

“डाव्या उतारावरची. आधी एकच.”

हेरंबनं पेट्या चालवायचं उपकरण मांडीवर घेतलं आणि त्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. डाव्या उतारावरचा काजळकंठी सूर अर्ध्यावर टाकून गप्प झाला. अगदी अर्ध्यावर. कुठलाही जिवंत पक्षी असा गप्प होत नाही.

“पुढची,” शाल्मली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. ओढ्यापलीकडचा थांबला. वरच्या कड्याखालचा थांबला. हेरंब बोट टेकवत गेला आणि रान कोपऱ्याकोपऱ्यानं मुकं होत गेलं. शेवटची पेटी बंद झाली तेव्हा उरला फक्त ओढ्याचा आवाज आणि स्टोव्हची सुरसुर. फिरोजनं हात लांब करून स्टोव्हही बंद केला.

तिघंही ऐकत बसले. उन्हं तंबूवर आली तरी एक शीळ उठली नाही.

इतकी वर्षं शाल्मली ज्या गाण्यानं जागी होत होती, ज्याच्या जोरावर तिनं भाषणं ठोकली, केंद्र बंद केलं, ते गाणं म्हणजे पेट्यांच्या गप्पा होत्या. कोणीही एकानं एकदा जरी डोळे उघडून बघितलं असतं तर हे तेव्हाच उघडकीला आलं असतं. पण बघायचं नाही असं तिनंच सांगितलं होतं, आणि लोक गुणी बाळासारखे तिचं ऐकत राहिले होते. तिला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो काही केल्या जाईना.

“मीच घातलं ते पेट्यांत,” हेरंब म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

“गप्प बस,” ती म्हणाली. “रडायचं असेल तर उद्या. अजून एक पहाट ऐकायची आहे. पेट्या नसताना.”

तो दिवस कसा गेला हे कोणालाच कळलं नाही. जेवण कोणाला गेलं नाही. शाल्मली पिंजऱ्यावरचा पडदा बाजूला करून नवरीपुढे बसून राहिली. केंद्रात ही अंड्यातून बाहेर आली ती पेटीचीच शीळ ऐकत. आजवर जिवंत नराचं गाणं तिच्या कानी पडलेलं नव्हतं. रानात एकही नर नसेल तर हिला सोडणं म्हणजे मारणंच, आणि न सोडणं म्हणजे पिंजऱ्यात शेवट होताना बघत बसणं. उद्या पहाटे एक नर गायला पाहिजे. फक्त एक.

पहाटे तिघं लपणात जाऊन बसले. शाल्मलीनं पिंजराही बरोबर घेतला होता. फटफटायला लागलं. बुलबुल बोलले, लांबवर मोर ओरडला. काजळकंठीची वेळ आली आणि सरून गेली. शाल्मलीनं मान खाली घातली.

आणि शीळ आली.

तीन चढते सूर, विराम, आणि घरंगळत येणारा लांब सूर. वरच्या अंगानं, झाडांच्या दाटीतून. हेरंबनं तिचा दंड इतका घट्ट धरला की कळ आली. “सगळ्या बंद आहेत,” तो कुजबुजला. “शपथ घेऊन सांगतो मॅडम, सगळ्या बंद आहेत!” शीळ पुन्हा आली, या खेपेला जवळून. पिंजऱ्यात नवरी ताठ झाली, तारेशी आली, पंख थरथरवू लागली. शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिचा हात पिंजऱ्याच्या दाराकडे गेलासुद्धा.

फिरोजनं तेवढ्यात कॅमेरा उचलला, एक फोटो काढला, आणि काही न बोलता तिच्या मनगटावर हात ठेवला. मग बोटानं वर दाखवलं.

आडव्या फांदीवर भृंगराज बसला होता. काळाभोर, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसाचे झुपके. रानातला हा पक्का नकलाकार. शिक्रा, पोपट, मांजर, कोणाचाही आवाज काढतो. त्यानं मान फुगवली. आता तो इतका जवळ होता की गाण्याआधीचा बारीक आवाजही ऐकू आला.

टक्. मग तीन चढते सूर.

पेटी वाजण्याआधी तिच्या आतली कळ अशीच वाजायची. चार पावलांवर उभं राहिलं तरच ऐकू यायची. भृंगराज पेटीच्या डोक्यावर बसून गाणं शिकला होता आणि कळीसकट शिकला होता.

हेरंबनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. शाल्मलीला हसू आलं की रडू, ते तिला सांगता आलं नसतं. काजळकंठीचं गाणं पृथ्वीवर उरलं होतं ते एका नकलाकाराच्या तोंडी, तेही यंत्राची नक्कल म्हणून. त्या पक्ष्याकडे बघवेना म्हणून तिनं नजर वळवली, ती फिरोजच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पडली. आत्ताच काढलेला फोटो. मध्ये भृंगराज, अगदी लखलखीत. खाली कोपऱ्यात धूसर पाचोळा.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“कुठं? ते व्हय? पानं हायत.”

“मोठं कर.”

फिरोजनं कोपरा मोठा केला. धूसर पाचोळ्यात एक डोळा होता. त्याच्याखाली, काजळाचं बोट फिरवल्यासारखा, काळा पट्टा.

शाल्मलीनं बोटानं मागे मागे असं खुणावलं. फिरोज भराभर आदल्या दोन दिवसांचे फोटो उलटू लागला. भृंगराज, भृंगराज, भृंगराज. आणि दर चार-पाच फोटोंत एकदा, खाली कोपऱ्यात, तोच धूसर तपकिरी ठिपका. जमिनीवर चरणारा पक्षी पाचोळा उकरतो, किडे उडतात आणि भृंगराज ते वरच्या वर टिपतो. म्हणून तर तो इथं ठाण मांडून बसला होता.

“उंदीर,” फिरोज म्हणाला. “दोन दिवस पायाशी हिंडत होता. मी उंदीर समजलो, मॅडम.”

उष्मादर्शी डोळ्याला लावायची गरजच नव्हती. आता कुठं बघायचं ते कळलं होतं. दहा हातांवर, कारवीच्या बुंध्याशी, काजळकंठीचा जिवंत नर उभा होता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तो तिला दिसत होता.

“पण मग हा गात का नाही?” हेरंबनं विचारलं. “पेट्या इतकी वर्षं वाजतायत. एकदाही उत्तर दिलं नाही यानं?”

शाल्मली फोटोंकडे बघत होती. प्रत्येकात त्याची चोच मिटलेली होती.

“तूच सांगितलंस ना, खरा नर उत्तर दिल्याशिवाय राहत नाही?” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि पेटी? पेटी थकत नाही, चरायला जात नाही, शेवटचा सूर नेहमी तिचाच. तिच्याशी भांडत राहिले ते उपाशीतापाशी गाऊन गाऊन खपले, नाहीतर हद्द सोडून गेले. उरला तो हा. गप्प बसायची अक्कल होती म्हणून जगला.” ती हेरंबकडे वळली. “हेरंब, आपण मोजली ती सगळी यंत्रं होती. जो खरा होता तो गप्प होता, आणि गप्प बसलेला आपण एकदाही मोजला नाही.”

“पण आता पेट्या बंद आहेत,” हेरंब म्हणाला. “आता तो गाईल. नाही का?”

तिला तसं वाटलंच होतं. काजळकंठीची मादी नर बघून येत नाही, गाणं ऐकून येते. तो गायला तर नवरी जाईल. तिनं पिंजऱ्याच्या कडीवर बोट ठेवलं. रान शांत होतं. नर एका दगडावर चढला. त्यानं मान वर केली, गळ्यावरची काळी पिसं फुगली, आणि चोच किंचित उघडली.

“गा रे बाबा,” शाल्मली ओठांतल्या ओठांत म्हणाली. “गा.”

वरून आवाज आला. टक्. मग तीन चढते सूर, स्वच्छ, जोरकस, न थकलेले.

नराची चोच मिटली. तो दगडावरून उतरला आणि पाचोळ्यात अंग चोरून बसला.

“हाकल त्याला!” शाल्मली ओरडलीच. फिरोजनं टाळी वाजवली, भृंगराज उडाला आणि पुढच्या झाडावर जाऊन निवांत बसला. मग डाव्या उतारावरून त्याला कोणीतरी उत्तर दिलं. ओढ्यापलीकडून आणखी कोणी. पेट्या बंद होत्या, हेरंबच्या मांडीवरचा पडदा काळा होता, आणि घोटणीचं रान पुन्हा गाऊ लागलं होतं. एका भृंगराजाकडून दुसरा शिकला होता, दुसऱ्याकडून तिसरा. हेरंब सवयीनं पडद्यावर बोट टेकवत राहिला.

पिंजऱ्यात नवरी तारेला छाती लावून उभी होती. तिच्या पाठीमागे दहा हातांवर तो पाचोळ्यात चोच मिटून बसला होता, आणि ती भृंगराजाच्या झाडाकडे बघत पंख थरथरवत होती.